दोऱ्याएवढं छाटलेलं

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, निदान गेल्या महिन्यापेक्षा वाईट नसतील, असं धरून चालतो. इथे सगळं ठीक आहे असं लिहायला बसलो होतो, पण एकवीस वर्षं माझ्या हातून एक पाप घडत होतं, ते परवा कळलं.

झालं असं. दुकानात एक सुतार कोट शिवायला आला. मी टेप लावून म्हणालो, "छाती बेचाळीस." तो हसला, खिशातली पोलादी टेप काढून स्वतःभोवती गुंडाळली आणि म्हणाला, "मास्तर, अडतीस. वरचे चार इंच तुम्ही कुठून आणले?"

दादा, ते मी आणले नव्हते, घालवले होते. टेपचं टोक विरतं, दोरे लोंबतात आणि मला लोंबणारं काहीच खपत नाही (यात आपले मेहुणेही आले). म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी कात्रीने दोऱ्याएवढं छाटायचो. सुरुवातीचे आकडे गेले तरी कळलं नाही; कुठला शिंपी पहिला आकडा बघतो? कापड मात्र बेतायचो टेबलावरच्या लोखंडी पट्टीने, त्यामुळे कपडे ढगळ व्हायचे आणि गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तरांचा हात सढळ आहे. बँकेतला एक कारकून तर माझ्या मापाला घाबरून रोज टेकडी चढायला लागला. त्याची तब्येत सुधारली, तेवढंच पुण्य.

पण घरात काय झालं ते ऐक. हिचे कपडे मीच शिवतो. पहिल्या वर्षांत आकडा जरा वाढला तेव्हा मी थट्टेने म्हणालो, "अंग धरलंय हं." तिने आधी साखर सोडली. मग एक घास कमी केला, मग आणखी एक. (मी विचारायचो, "जेवलीस ना?" ती हो म्हणायची. झाली माझी चौकशी.) ती वाळत गेली, टेप आखूड होत गेली आणि वहीतला कमरेचा आकडा काही केल्या तिसाच्या खाली येईना. कपडे अंगावर लोंबायला लागले तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "जाडी झाकावी म्हणून मुद्दाम सैल शिवतात हो, जीव आहे त्यांचा." ते ऐकून मी हसलो होतो.

काल सुताराची टेप मागून आणली आणि तिचं माप घेतलं. सव्वीस. तिने घाबरत विचारलं, "किती वाढली?" मी म्हणालो, "आहे तेवढीच," आणि दुकानात जाऊन उगाच एक काज उसवत बसलो.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी ही तुमच्याकडे येतेय. तिला तूच सांग, वहिनींच्या देखत सांग. माझ्याने होणार नाही. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच.

ता. क. भाऊजी, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. वाचलं. गुरुवारची वाट बघत नाही, उद्याच निघते. जाऊबाईंना सांगा, पोटभर जेवणार आहे. परत कधी जाणार ते विचारू नका; मी अजून ठरवलेलं नाही.