तिन्हीसांजेची सुई

३ नोव्हेंबर

आले एकदाची नाशिकला. निफाडहून रोज ये-जा जमली नसती. सकाळची पाळी सातला लागते, आणि बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून कामावर येणारी क्वालिटी ऑफिसर कुणी पाहिली आहे? इंदिरानगरात सुधाकाकूंच्या घरी वरची खोली मिळाली. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, गादी नवी आहे, आणि बाथरूममध्ये गरम पाणी येतं. आल्याआल्या काकूंनी थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा वाढला. मी नको नको म्हणत दोन खाल्ली.

काकूंचे यजमान गंगाधरकाका रामकुंडावर पौरोहित्य करायचे. ते गेले, आता घरात काकू आणि त्यांची मुलगी तेजश्री. आईला फोन करून सांगितलं, माणसं फार चांगली आहेत. आई म्हणाली, तुला खायला घालतं ते प्रत्येक माणूस तुला चांगलंच वाटतं.

५ नोव्हेंबर

तेजश्रीला आज पाहिलं. माझ्याच वयाची, खालच्या आतल्या खोलीत पडून असते. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, तेव्हापासून अंगाला काही कळत नाही आणि डोळ्यांनाही अंधूकच दिसतं. मुंबईचे डॉक्टरसुद्धा झाले. काकू रोज सकाळी तिच्या तळपायाला सुई लावून बघतात, आज तरी कळतं का म्हणून. हे सांगताना त्यांनी ती सुई मला दाखवली आणि मी चक्क भिंत धरली.

लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे. माझी नवी कंपनी अंबडला इंजेक्शनं बनवते, आणि मला सुईची भीती आहे. थोडीथोडकी नाही. शाळेत लस टोचायला आलेल्या नर्सला मी चावले होते. बाबा हे अजून लग्नकार्यात सांगतात.

आता पंचाईत अशी की नोकरी पक्की होण्याआधी रक्त तपासायचं आहे. एकदा सर्दीचं निमित्त सांगून टाळलं. एचआरच्या निकिताने आज गोड आवाजात बजावलं की चौदा तारखेला रक्त दिलं नाही, तर नेमणूक रद्द. दोन वर्षं घरी बसून मिळालेली नोकरी आहे ही. गेली तर पिंपळगावचं स्थळ तयारच आहे, आणि त्या मुलाला मी पाहिलं आहे.

७ नोव्हेंबर

काकूंना कळलंच. भिंत धरलेली त्यांनी पाहिली होती. हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, भीती काढता येते, फक्त कुणाला तरी द्यावी लागते. रोज दिवेलागणीला उंबऱ्याच्या आत उभं राहायचं, स्वतःच्या हाताने एक सुई बाहेर उभ्या असलेल्या काकूंच्या हातात ठेवायची, आणि ‘देते’ म्हणायचं. त्या ‘घेतलं’ म्हणणार. झालं.

तिन्हीसांजेला सुई देऊ नये, हे आमच्या निफाडलाही आहे. त्या वेळी शेजारीण मागायला आली, तर आई सरळ संपलीय म्हणून सांगायची. काकूंना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, ‘अगं, न देण्याचं कारण तेच. सुईबरोबर देणाऱ्याचं काहीतरी जातं. तुला तर घालवायचंच आहे ना?’

मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. सुई हाताळून हाताळून भीती मोडायची, ही साधी सवयीची गोष्ट आहे. बाकी काकूंचा भाविकपणा. सुयांचं पाकीट आणलं.

८ नोव्हेंबर

पहिली सुई दिली. पाकिटातून काढतानाच दोनदा खाली पाडली. काकूंनी घाई केली नाही. ‘देते’ म्हटलं, त्यांनी ‘घेतलं’ म्हटलं, आणि पदराआड नेऊन तेजश्रीच्या उशाशी लाल फडक्यात टोचून ठेवली. रात्री छान झोप लागली.

११ नोव्हेंबर

कमाल आहे. आज सुई नखावर घासून बघितली, काही वाटलं नाही. मग बोटाच्या टोकाला टोचून बघितली, रक्ताचा थेंब आला आणि मी बघत राहिले. भीती नाही. दुखलंही नाही, पण ते धिटाईमुळे असेल.

खाली तेजश्री सकाळी ओरडली. तिला तळपायाला कळलं. काकू रडत होत्या, मला पेढा दिला. पेढ्याला चव नव्हती. जुना असावा.

१३ नोव्हेंबर

शेवटची सुई दिली. काकू म्हणाल्या, आता पुरे.

थंडी पडलीय म्हणतात. मला वाजत नाही.

१४ नोव्हेंबर

झालं. लॅबमधला मयूर नावाचा मुलगा म्हणाला, तिकडे बघा ताई, इकडे बघू नका. मी मुद्दाम बघितलं. सुई आत गेली, नळी भरली, मी त्याला त्याच्या गावी सुरगाण्याला थंडी किती आहे ते विचारत होते. तो म्हणाला, असं पेशंट लय कमी भेटतं.

घरी आले तर काकू दारातच उभ्या. सकाळी तेजश्रीने एकदम कोपर धरलं आणि किंचाळली म्हणे. मी विचारलं, किती वाजता. काकू नुसत्या हसल्या. मला रक्त देताना काहीच कळलं नव्हतं. धिटाईने इतकं होत नाही, हे मलाही कळतं.

१६ नोव्हेंबर

रिपोर्ट नॉर्मल. नोकरी पक्की. बाबा फोनवरच म्हणाले, गल्लीत पेढे वाटतो.

चहा करताना जळका वास आला. माझाच हात होता, गॅसवर. फोड आले आहेत. दुखत नाहीत. पाय बघून टाकावे लागतात, नाहीतर पायरी कुठे आहे ते समजत नाही. पण हे सगळं बघून मला जितकं घाबरायला हवं तितकी मी घाबरत नाही. ते जास्त वाईट आहे.

१७ नोव्हेंबर

काकूंना सरळ विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, मी तुला फसवलं नाही. भीती जाईल म्हटलं, गेली. भीती वर असते, दुधावरच्या सायीसारखी. ती काढल्याशिवाय खालचं हाती लागत नाही. खालचं तेजूला लागलं.

मी म्हटलं, आता मी काही देत नाही. त्या म्हणाल्या, सुई दिली की दोरा मागून येतोच.

उद्या पहाटेच्या गाडीने निफाड.

१८ नोव्हेंबर

जिन्यात पडले. पाय आहेत, पण माझे नाहीत. काकूंनी खालच्या खोलीत आणून ठेवलं, तेजश्रीच्या पलंगावर. तेजश्री खुर्चीत बसली होती. फोन काकूंकडे. बाबांना त्यांनीच सांगितलं, कंपनीने ट्रेनिंगला पाठवलंय, तिथे फोन चालत नाही.

वही दिली मला. म्हणाल्या, लिही, मन रमेल. बोटांकडे बघत राहिलं तर पेन धरता येतं.

१९ नोव्हेंबर

तेजश्री चालली. भिंतीला धरून. काकू टाळ्या वाजवत होत्या, लहान मुलाला वाजवतात तशा.

मी खूप रडले, विनवलं. काकूंचं मन द्रवलं असावं. तिन्हीसांजेला त्या माझ्याजवळ आल्या, लाल फडक्यातली पहिली सुई माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, तुझं तुला परत. ‘घेतलं’ म्हण.

मी म्हटलं. लगेच म्हटलं.

२० नोव्हेंबर

भीती परत आली. फक्त भीती.

तेवढीच. साय. तेजूला ती नको होती म्हणाल्या.

फडकं समोर टांगलंय. सगळ्या सुया दिसतात. नजर वळवते, मान वळत नाही. शाळेतली भीती, कॉलेजातली, सगळी मिळून — अंगाला काहीच कळत नाही आणि तरी —

२१ नोव्हेंबर

आता सकाळी तेजश्री येते. माझ्या तळपायाला सुई लावते. कळतं का विचारते, प्रेमाने विचारते. कळत नाही. दिसते. आत जाताना दिसते. आवाज निघत नाही आता माझा.

हळू टोचते. तिला नीट दिसत नाही ना, चाचपडत —

तिला डोळ्यांनी अजून अंधूकच —

काय उरलंय माझ्याकडे ते कळलं.

देणार नाही.

२२ नोव्हेंबर

देणार नाही. देणार नाही.

काकू म्हणतात, जबरदस्ती नाही गं. दिल्याशिवाय घेता येतच नाही. नुसते ओठ हलवलेस तरी चालेल. एक सुई दे, भीती पुन्हा जाईल. नाही दिलीस तर तेजू बसेल इथेच, टोचत. तिला हल्ली झोप कमी लागते.

सुई गालापर्यंत आली आज —

२३ नोव्हेंबर

दिवा लावला. दोघी आल्यात. सुई माझ्या बोटांत धरवलीय, दुसऱ्या हातात पेन. तेजश्रीची सुई पापणीपाशी — काकू म्हणतात म्हण बाळा — आई — देणार नाही — जवळ — अजून जवळ —

देते

देते म्हटलं. गेली भीती. खरंच गेली. किती हलकं वाटतंय, उगाच इतके दिवस. तेजश्री म्हणतेय, आई, तुझे केस किती पांढरे झालेत गं. काकूंनी दिवा का विझवला, अजून तर लिहायचं होतं, ओळ कुठे गे