सिद्धेशसाठी दिलेली साक्ष

डब्लिन, ओहायो
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? व्यायाम चालू ठेवलाय ना? इकडे थंडी सुरू झाली. अंकुर आणि मी बरे आहोत. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून कुरिअरने पाठवते आहे. वाचून फाडून टाकलंत तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

गुरुवारी सिद्धेशची सुनावणी झाली. न्यायाधीशांनी त्याला काउंटी जेलमधून मानसोपचाराच्या इस्पितळात हलवायचा आदेश दिला. ही सुटका नव्हे. खटला उभाच आहे, आणि त्याच्या पीएचडीचं, व्हिसाचं पुढे काय होणार हे वकीलबाईंनाही सांगता येत नाही. पण सत्तेचाळीस दिवसांनी माझा भाऊ त्या कोठडीतून बाहेर आला.

काय घडलं ते तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, म्हणून लिहिते. वीस सप्टेंबरला सकाळी त्याला वाटलं, पिस्कॅटवेला तो राहतो त्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी विषारी वायू सोडलाय. त्याने शेजारच्या मिसेस कोवाल्स्कींचं दार फोडलं आणि त्यांना हाताला धरून जिन्याने खाली ओढत नेलं. बाई ऐंशीच्या आहेत. त्यांचं मनगट मोडलं. पोलिसांच्या कागदावर घरफोडी आणि मारहाण असं लिहिलं गेलं.

त्या बाई गुरुवारी कोर्टात आल्या होत्या, मनगटाला पट्टा बांधून. म्हणाल्या, "दाराचा आवाज झाला की मला अजून धडकी भरते. पण मला खाली सोडून तो माझ्या मांजरासाठी परत वर गेला. चोर असं करत नाहीत."

आजार खरा आहे हे पटवायला घरातला इतिहास लागेल, असं वकीलबाईंचं म्हणणं होतं. त्यासाठीच मी तुमच्याकडे आईबद्दल दोन ओळी लिहून मागितल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "आपल्या घरात असलं काही नाही. एकदा कागदावर आलं की पोराचं आयुष्य संपलं." आणि फोन ठेवलात. तेव्हा मला फार राग आला. आता नाही. तुम्ही त्याचं भलंच बघत होतात. पण कागदावर तो तेव्हा गुन्हेगार होता, बाबा.

म्हणून मीच साक्ष दिली. सांगितलं, की मी चौदा वर्षांची असताना आईने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या होत्या, शेजारचे धूर सोडतात म्हणून. ती चार महिने नागपूरच्या इस्पितळात होती, आणि आम्हा मुलांना सांगितलं होतं की ती वर्ध्याला मावशीकडे गेली आहे.

सरकारी वकिलाने विचारलं, "मग तुम्हाला इस्पितळाचं कसं कळलं?"

मी म्हटलं, "तीच मावशी तेव्हा आमच्या घरी स्वयंपाक करत होती."

तो कागद आवरून खाली बसला.

एक गोष्ट मात्र मी कोर्टात सांगितली नाही. अठरा सप्टेंबरला मला मिहीरचा फोन आला होता, सिद्धेशच्या रूममेटचा. "ताई, हा तीन दिवस झोपलेला नाही. सगळ्या खिडक्यांना टेप लावत बसलाय. तुम्ही येऊ शकाल का?" मी म्हटलं, "थिसिसचं टेन्शन असेल रे. झोपला की ठीक होईल." आजीने आईबद्दल विचारलं की तुम्ही साधारण हेच सांगायचात.

टेप म्हटल्याबरोबर मला चिंध्या आठवल्या होत्या. ऑफिसमध्ये नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून जमलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते रिलीज पुढे ढकललं गेलं होतं. आठ तासांचा ड्राइव्ह, निघाले असते तर दुसऱ्या दिवशी पोहोचले असते. मला जायचं नव्हतं. आईचा चेहरा व्हायचा तसा त्याचा झालेला मला बघायचा नव्हता. लग्नाला तेरा वर्षं झाली, तरी अंकुरलाही मी हे सांगितलेलं नाही.

काल इस्पितळात त्याला भेटले. औषधांनी हात थरथरतात, जीभ जड झाली आहे, पण आता माझ्याकडे बघून बोलतो. म्हणाला, "वकीलबाई म्हणत होत्या. आईलाही असंच व्हायचं का, ताई?" आई इस्पितळात होती तेव्हा तो तीन वर्षांचा होता, त्याला काहीच आठवत नाही. मी हो म्हटलं. 

"मला वाटायचं, हे फक्त मलाच होतंय," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

माझ्या वाट्याचं मी त्याला सांगितलं, मिहीरच्या फोनचं.  मग "तू जा आता," एवढंच तो म्हणाला. मी उठले. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे. भेटायला नाही म्हणाला तर बाहेर बसेन.

तुमच्या वाट्याचं मी सांगितलेलं नाही. तेवीस तारखेला, रविवारी, तुमच्या संध्याकाळी साडेसातला तो इस्पितळातून फोन करेल. नंबर अनोळखी असेल. त्याला दहा मिनिटं मिळतात आणि तो आईबद्दल विचारणार आहे. फोन उचला, बाबा. तब्येतीला जप वगैरे म्हणून ती दहा मिनिटं संपवू नका.

तुमच्यासारखीच गप्प राहिलेली,
अहिल्या