कोणाच्या मापाचा चिमटा

मी, लाय यू-श्या, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी सायकलचं पुढचं चाक धरणारे कार्बनचे चिमटे घडवण्याचा आणि सध्या कुणाचं न ऐकण्याचा, राहणार फंगयुआन, ताइचुंग, आज डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाविना वा भरीस न पडता, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची वाट कशी लावावी ते स्वहस्ते लिहून ठेवत आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती किती आहेत ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

भूतमहिना, म्हणजे मेलेल्यांची भुतं मोकळी सुटतात तो सातवा महिना, तोंडावर आला आहे. मृत्युपत्र उरकायचं आणि नवी सायकल बांधायला घालायची, दोन्ही त्याच्या आत. त्या महिन्यात सायकल बांधणारे ल्याओ मास्तर नवं काम हाती धरत नाहीत, आणि तो संपला की डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या मुलीकडे जाऊन दुकानाला कायमचं कुलूप लावणार आहेत.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर मुलगा तुंग पो-वेई आणि मुलगी तुंग पेइ-च्युन यांना निम्मं निम्मं. पो-वेई ते विकायला काढणार हे मला माहीत आहे. काढू दे. फक्त घेणाऱ्याला सांगावं की गच्चीचा नळ उलटा फिरवला की उघडतो. तो त्यांच्या वडिलांनी बसवला होता, आणि जगातले बाकीचे नळ चुकीचे आहेत असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

कलम २. टपाल खात्यातली शिल्लक त्याच वाटणीने. जेडचं कंकण सुनेला. धाकटी नणंद शिऊ-चू हिला माझ्या कपाटाचा मोठा आरसा द्यावा. "या वयात तंग चड्डी घालून बाई गावभर मिरवते," असं ती देवळाच्या पायरीवर बसून चार बायकांना सांगत होती. आरसा तिच्या घरी पोचवण्याचा खर्च माझ्या शिलकीतून करावा, तिच्यावर बोजा नको.

कलम ३. माझी कापड कापायची सुरी आणि पोलादी पट्टी पेइ-च्युनला. गार कोठीतून काढलेलं कार्बनचं काळं चिकट कापड कापून साच्यात थरावर थर बसवायचं, मग साचा तापायला जायचा आणि त्यातून चिमटा निघायचा. जन्मभर हेच केलं. चिमटे जायचे परदेशी, वर नाव भलत्याच देशाचं. साचे सगळे लांब टांगांच्या पुरुषांसाठी. माझ्या उंचीच्या बाईला जास्त बाकाचा, म्हणजे पुढे जास्त वाकलेला चिमटा लागतो, तो आमच्या कारखान्यात क्वचितच निघे. पेइ-च्युनला ही अवजारं नको असतील तर तिनं तसं आत्ताच तोंडावर सांगावं, मागाहून गुपचूप भंगारात घालू नये.

कलम ४. (हे कलम रद्द आहे. खोडलेलं नाही, कारण पुढची वादावादी यावरूनच झाली.)

ल्याओ मास्तर पोलादी नळ्यांच्या सायकली गिऱ्हाइकाच्या मापाने बांधतात. आधी चिमटा, मग सायकल, हा त्यांचा नेम. चिमटा केवढा उंच आणि त्याला पुढे बाक किती, यावर सायकलीच्या पुढच्या भागाचा सगळा उतार ठरतो. म्हणून चिमटा हातात पडल्याशिवाय ते एकही नळी कापत नाहीत. माझ्या भिंतीवर असे दोन चिमटे वर्षभर टांगलेले आहेत. एक नेहमीच्या बाकाचा, उंच माणसाला चालणारा. पेइ-च्युन बापाच्या वळणावर गेली, माझ्याहून डोकंभर उंच आहे, तिच्या सायकलला तोच हवा. दुसरा जास्त बाकाचा. त्याने चाक पावलापासून जरा लांब राहतं. बुटक्या माणसाच्या सायकलला ते लांब नसलं, तर तीव्र वळणावर हँडल फिरवताना बुटाचं टोक चाकाला घासतं. माझी सध्याची सायकल कारखान्यातून नमुन्याची म्हणून स्वस्तात मिळालेली आहे, कुणा धिप्पाड गोऱ्यासाठी बनलेली. माझ्या एका बुटाचं टोक शाबूत नाही.

(इथे उठून दोन्ही चिमट्यांवर नाणं वाजवून आले; आत तडा असला तर आवाज बद्द येतो. दोन्ही खणखणीत. त्यामुळे काहीच ठरलं नाही.)

एवढ्यात मास्तरांचा फोन.

"आ-श्या, ठरलं का?"

"ठरतंय."

"वर्षभर ठरतंयच! लग्न ठरवायलासुद्धा एवढा वेळ लावला नव्हतास."

"म्हणून तर आता लावतेय."

"हे बघ, मापाची सायकल एका अंगाची असते. तुझं की लेकीचं? दोघींच्या मधलं काहीतरी बांधलं तर दोघींचीही कंबर धरेल. माझी नजर आहे तोवर सांग बाई."

तेव्हा असं लिहिलं: नेहमीच्या बाकाचा चिमटा घ्यावा, सायकल पेइ-च्युनच्या मापाने बांधावी आणि माझ्यामागे तिला द्यावी. मी आणखी किती वर्षं चालवणार? चांगली वस्तू वाया जाऊ नये. पेइ-च्युन पूर्वी दर रविवारी माझ्यामागून दास्युएशानचा घाट चढायची, मग एकाएकी सोडली. धड सायकल नव्हती म्हणून सोडली असा माझा समज होता. धड सायकल मिळाली तर पुन्हा येईल, असं मनात धरून बसले होते.

कलम ४ रद्द का झाले: गुरुवारी पेइ-च्युन काओशुंगहून आली. मी नाशपाती सोलत होते. तिनं कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला.

"आई, माझ्या मापाच्या सायकलवर तुझे पाय तरी पोचतील का?"

"खोगीर खाली घेईन."

"आणि बूट?"

"बूट घासतात. इतकी वर्षं घासताहेत, मेले का मी?"

"मी सायकल का सोडली, ठाऊक आहे तुला?"

"धड नव्हती म्हणून."

"उत्तम होती! मी तुझ्या मागे असायचे ना. चढावरच्या प्रत्येक वळणाला तुझा बूट चाकाला अडायचा, तू झोकांडायचीस, आणि मागून ट्रक यायचा. नाही बघवलं मला, म्हणून सोडली."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"तुला? तू ऐकणार?"

मी सुरी ताटलीत ठेवली. नाशपाती काळी पडायला लागली.

"तू मेल्यावर मिळणारी सायकल मला नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "तुला बसेल अशी बांध. एकदा तरी न अडखळता वळण घे. मी येते बघायला."

"कुठून बघणार?"

"मागून. भाड्याची सायकल घेईन."

त्या रात्री मी तिच्याशी चार वेळा वाद उकरून काढला. खर्चाचा, वयाचा, हाडं ठिसूळ झाल्याचा. ती कूस बदलून झोपून गेली. खरं कारण इथे लिहिते. मला भीती वाटत होती. माझ्या अंगावरची प्रत्येक वस्तू कुणाची तरी उरलेली किंवा कारखान्याने नाकारलेली आहे, आणि आपल्या मापाची एखादी वस्तू आपल्याला शोभेल का, हेच मला कळेना.

कलम ४ (नवे). आज सकाळी मी जास्त बाकाचा चिमटा ल्याओ मास्तरांच्या हातात दिला. पेइ-च्युन बरोबर होती. मास्तरांनी तो डोळ्यांशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला, दुकानातल्या भूमिदेवाला उदबत्ती लावली आणि वरची नळी खुणेवर धरली.

"कापू? एकदा कापली की लांब होत नाही."

मी "थांबा" म्हटलं. पेइ-च्युननं माझ्याकडे पाहिलं. मग मी "कापा" म्हटलं.

करवत चालू असताना मी दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. नळी आता माझ्याच मापाची आहे. तिच्यावर पेइ-च्युन बसली तर गुडघे हनुवटीला लागतील. नेहमीच्या बाकाचा चिमटा आजपासून तिच्या मालकीचा. त्याच्यामागे सायकल बांधायची की तो तसाच ठेवायचा, हे तिनं ठरवावं. मी विचारणार नाही. बहुतेक विचारीन.

कलम ५. परलोकात मला मिळावं म्हणून कागदाचं घर, कागदाची मोटार, काय जाळायचं ते जाळा. कागदाची सायकल मात्र जाळू नये. कागदवाला माप घ्यायला येत नाही, आणि परलोकात पुन्हा बूट घासत फिरायची माझी तयारी नाही.

कलम ६. ल्याओ मास्तर या कागदावर साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्यांना काही ठेवलेलं नाही. त्यांची साक्ष नसती तर चांगलं ठेवलं असतं. ते माझ्याआधी गेले तर त्यांच्या अंत्ययात्रेला मी सायकलवरून जाईन, हे त्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "वेळेवर ये म्हणजे झालं."

कलम ७. नवी सायकल, चिमट्यासह, मी कोणालाही देत नाही. पो-वेई फोनवर म्हणाला, "आई, मृत्युपत्रात असं चालत नाही. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर करावी लागते." चालत नसेल तर न चालो. वरचं घर तुमचं, शिल्लक तुमची, आरसासुद्धा शिऊ-चूचा. एवढी एक वस्तू माझी आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला समजले, आणि पुन्हा बदलण्याचा मोह आवरून खाली सही करते.

लिहून ठेवणार: लाय यू-श्या (सही आणि शिक्का)

साक्षीदार:
१. ल्याओ चिन-फा, सायकल बांधणारे. सही जरा ओळीखाली गेली आहे, ती त्यांचीच आहे.
२. शी बाओ-चू, शेजारीण, सोयादुधाचं दुकान. आमच्यासमक्ष, लिहिणारी पूर्ण शुद्धीत होती; एका जागी बसलेली मात्र नव्हती.

ठिकाण: फंगयुआन, ताइचुंग
तारीख: मिंगुओ ११३ (इ.स. २०२४), ऑगस्ट २