दोन अक्षरं, अर्थासकट

गुरुवार, ३ ऑगस्ट
वॉर्नम्बूल स्क्रॅबल क्लब. तीन डाव, तिन्ही हरलो. कारण उघड आहे. ही मंडळी दोन अक्षरी इंग्रजी शब्द पाढ्यांसारखे घोकून येतात, अर्थ एकालाही ठाऊक नसतो. कॅप्टन ट्रेव्हरने ‘झो’ (ZO) लावला. विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, एकतीस मार्क.
निश्चय: यापुढे अर्थ सांगितल्याशिवाय एकही शब्द लावायचा नाही.

शुक्रवार, ४ ऑगस्ट
हॅमिल्टन गावच्या क्लबाविरुद्धच्या सामन्यासाठी टीममध्ये एकच जागा उरलीय. अकरा वर्षं मी राखीव. यंदा सोडत नाही. दुसरी उमेदवार नोलीन, माझी बायको. मार्चमध्ये क्लबात आली, तीही चहा-बिस्किटांपुरती. १७ तारखेला आमचा डाव, जिंकेल त्याची जागा. घरी दर रविवारी तिला हरवतोय, अडतीस वर्षं. बिचारीचं वाईट वाटतं.

गुरुवार, १० ऑगस्ट
ट्रेव्हरने बाजूला घेतलं. म्हणाला, मर्व्ह, शब्द लावला की आधी घड्याळ दाब, मग प्रवचन दे. तोवर तुझाच वेळ जातो. पंचवीस मिनिटांच्या वर गेलेल्या दर मिनिटाला दहा मार्क कापतात. मी सांगितलं, अर्थ हा चालीचाच भाग आहे. घड्याळाला घाबरणारा मी नव्हे.

रविवार, १३ ऑगस्ट
घरी सराव. घड्याळ अर्थातच नाही. सत्तर मार्कांनी जिंकलो. नोलीन विणत होती.

गुरुवार, १७ ऑगस्ट, संध्या. ६
मी ‘आ’ (AA) लावला, घड्याळाकडे हात नेला, तेवढ्यात नोलीनने अर्थ विचारला. लग्नानंतर पहिल्यांदा! सांगितलं: हवाईतला खडबडीत लाव्हा. ती म्हणाली, अय्या, अनवाणी चालता येत असेल का रे त्याच्यावर? तेही सविस्तर सांगितलं. मग ‘जो’ (JO). स्कॉटलंडात आवडत्या माणसाला म्हणतात. सांगताना लाजलोच थोडा. प्रत्येक चालीला ती विचारत होती, हनुवटीला हात लावून ऐकत होती. खरं लिहितो, डोळे भरून आले.
पटावर नऊ मार्कांनी पुढे होतो. मग ट्रेव्हरने माझं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं जास्त. चाळीस मार्क गेले.

शुक्रवार, १८ ऑगस्ट
न्याहारीला नोलीनची परीक्षा घेतली. टोस्टला व्हेजिमाइट लावता लावता तिने सगळे अर्थ घडाघडा सांगितले, काल मी न सांगितलेलेसुद्धा. विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, अडतीस वर्षं या घरात दुसरं काय ऐकलंय मी? मग काल विचारत कशाला होतीस? म्हणाली, जागा मलाही हवी होती.
म्हणजे शिष्या माझीच. हॅमिल्टनला माझंच ज्ञान खेळणार. तत्त्व सोडलेलं नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट
टीमची गाडी मी चालवली. सव्वा तासाचा रस्ता, शेजारी नोलीन. तिच्या तयारीसाठी एका नव्या शब्दाचा अर्थ सांगायला घेतला. तिने रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री लावली.
तिला फुटबॉल अजिबात आवडत नाही.