गोंचिगची पाठ आणि माझा अंगठा

१९ जून, संध्याकाळ
नादामच्या जत्रेतल्या तिरंदाजीसाठी गावच्या संघात माझी निवड! गोंचिगने स्वतःहून जागा सोडली. पाठ दुखते म्हणे. शाळेपासूनचा मित्र, पण या माणसाने मला कधी चहावरची सायसुद्धा सोडलेली नाही. संघातली जागा सोडेल? काहीतरी शिजतंय.

२० जून
संकल्प : रोज सकाळी पाव भट्टीत गेले की प्रॅक्टिस. कणीक मळून मळून हात लोखंडी झालेत. फॉर्म मुळात चांगलाच आहे. बाण सोडताना थोडी सफाई यायला हवी, एवढंच.

२१ जून
पाव करपले. प्रॅक्टिस उद्यापासून.

२३ जून
गोंचिग बेकरीत आला. मैद्याचं पोतं पाठीवर मारून आत आणून ठेवलं! कण्हला नाही, कुंथला नाही. मी फक्त पाहिलं.
जाताना म्हणाला, “संध्याकाळी नदीकाठी ये, तुझा हात बघतो.” फुकट शिकवणार! का?

२४ जून
गेलो. नेमासाठी चामड्याचे डबे रांगेत मांडले, अंतर मोजून घेतलं. गोंचिग माझ्या मागे बसला, मान खाली घालून, एक कान माझ्याकडे करून. डब्यांकडे ढुंकूनही बघत नव्हता. मी बाण सोडला की लगेच म्हणायचा, “अंगठा झटकलास. अरे, दोरी आपली आपण जाते. तिला हाकलून कशाला देतोस?”
न बघता याला कसं कळतं? अर्थ उघड आहे. आधीच ठरवून आलाय, काहीही केलं तरी चूकच सांगायची. माझा फॉर्म बिघडवायचा, मी नादामला पडलो की सगळे त्याच्या पाया पडत जाणार. डाव कळला.

२५ जून
धोरण ठरलं. तो सांगेल त्याच्या नेमकं उलट करायचं. तो म्हणतो अंगठा ढिला सोड. मी झटकणार. तो म्हणतो धनुष्य पाखरासारखं धर. मी आवळून धरणार.

२८ जून
दोरी कानावर बसली. कान सुजून खिमा भरून तळलेल्या खुशूरएवढा झालाय. धोरण बरोबर आहे, कान मध्ये येतो.

३० जून
आज गोंचिग रस्त्यात दुलमाच्या समोरून गेला, ओळखसुद्धा दाखवली नाही. माझ्या बायकोच्या नजरेला नजर देववत नाही त्याला. मन खातंय.
दुलमाला हे सांगितलं. तिने किटली उचलली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “चहा पी.” हिलाही काहीतरी माहीत आहे.

३ जुलै
दुलमाने मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. म्हणते, “बाण सोडताना तू डोळे मिटतोस, चोइजिल. दोन्ही.” दाखवलं. मिटलेले दिसतात खरे. पण मी तेव्हा एकाग्र होतो. शिवाय डोळे मिटण्याचं परवा गोंचिगनेही काढलं होतं. तो मान खाली घालून बसतो, मग त्याला कोणी सांगितलं? दोघं मिळालेत.

५ जुलै
नदीकाठी गोंचिगला तोंडावर सांगून टाकलं. म्हटलं, “जागा परत हवी असेल तर सरळ माग. हे गुरूपणाचं नाटक पुरे.” तो उठला, कपडे झटकले. “अंगठा तेवढा सैल ठेव,” म्हणाला आणि गेला. जाताना माझ्या बाणांवरच पाय दिला. एक मोडला. मुद्दाम!

६ जुलै
आला नाही. बरं झालं.

९ जुलै
आला नाही. प्रॅक्टिसला शांतता मिळते. फार शांतता आहे.

१२ जुलै, नादाम
सकाळी : तब्येत उत्तम. नवा देल अंगरखा घातला, बाही पट्टीने बांधली. कप्तान त्सेरेनपिल आजोबा म्हणाले, “शेवटचा बाण तुझा. लागला तर आपण जिंकलो.” मी म्हटलं, “काळजी सोडा.”

दुपारी : अंगठा झटकला. धोरणाप्रमाणे. दोरी देलच्या गाठीत अडकली आणि बाण तिरका सुटला. डोळे उघडले तेव्हा पंच हात वर करून नेम लागल्याचं “उऽहाय” गात होते. मी हसत मागे वळलो. मग नीट पाहिलं. आमच्या डब्यांजवळचे पंच गप्प उभे होते. गात होते ते शेजारच्या रांगेचे. त्यांचा डबा मी पाडला होता. त्या संघाचा एक म्हातारा मुद्दाम येऊन माझ्या हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, ऐरागचा, वाडगा देऊन गेला. त्सेरेनपिल आजोबा घोडा सोडून पायी निघाले, घोडा मागून चालत गेला.

संध्याकाळी : घरी सगळा दोष गोंचिगच्या माथी मारला. दुलमाने खुशूर तळता तळता झारा खाली ठेवला. म्हणाली, “त्याला दिसत नाही रे. शहरातल्या डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. त्याला डबे दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत. दोरीच्या आवाजावरून तुला शिकवत होता. मी व्हिडिओ काढला तोही त्यानेच सांगितलं म्हणून. म्हणाला, दोरी सुटण्याआधी याचा श्वास अडकतो, डोळे मिटत असेल, बघ जरा.”
मला का नाही सांगितलं, असं विचारलं.
“तुला कळलं असतं तर तू जागा घेतली नसतीस, असं त्याला वाटलं. तुला किती हवी होती ते त्याला ठाऊक होतं.”
खुशूर खाल्ले नाहीत.

१३ जुलै
ताजा पाव घेऊन गोंचिगकडे गेलो. तंबूबाहेर उन्हात बसला होता. पावलं ऐकून म्हणाला, “कोण?” मी खाकरलो. “चोइजिल का? बस.” बसलो. पाव हातात दिला, त्याने हुंगला. नादामचं काहीच विचारेना. गावभर झालंय, त्याला कळलं नसेल असं होणारच नाही.
मी म्हटलं, “काल वारा फार होता.”
काल मैदानावरचे झेंडे काठीला चिकटून लोंबत होते. हे नुसत्या कानांनीही कळतं.
गोंचिगने पाव मोडला, अर्धा मला दिला.
“होता खरा,” म्हणाला.