शून्य क्रमांकाचा गुन्हा

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

गणपतीचा बंदोबस्त एकदाचा संपला. पाय अजून सुजलेलेच आहेत, पण आज सुट्टी मिळाली म्हणून लिहायला बसले. तुझा मेहुणा निकेत कामावर गेलाय. त्याला आता ठाण्याच्या ऑफिसात टाकलंय, त्यामुळे रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या देत घरी येतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? तिकडे सोयाबीनला पाणी जास्त झालं असं ऐकलं. तुमचं काही गेलं का?

आत्याचं प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, मूठ पुरती वळायला मात्र वेळ लागेल. भाकरी थापता येत नाही याचाच तिला सगळ्यात जास्त राग येतो. आमच्या घरमालकीण मंजुळाकाकूंशी तिची गट्टी जमलीय. काकू इथल्याच, जुन्या आगरी घरातल्या. एके काळी त्यांची मिठागरं होती, आता खोल्या भाड्याने देतात. एकीची भाषा दुसरीला अर्धीच कळते, तरी दुपारभर दोघींचं संपत नाही.

तू म्हणशील, फोन सोडून पत्र कशाला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि हे मला पुरं करायचंय.

आषाढात आत्या एकटी बसमधून उतरली तेव्हा तिचा उजवा हात लुगड्याच्या पट्टीने बांधलेला होता. "ओसरीवरून पडले," म्हणाली. तूही फोनवर तेच सांगितलंस. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, फोटो काढला, मनगट मोडलेलं निघालं. अंघोळ घालताना तिच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले. बोटांचे. माझ्यासमोर रोज बायका येऊन सांगतात, जिन्यावरून पडले, मोरीत पाय घसरला. मग मी त्यांना पाणी देते आणि पुन्हा विचारते. आत्याला मी काही विचारलं नाही. साबण लावला, पाणी ओतलं, बस्स.

तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी एक जुलैपासून आमचे सगळे कायदे बदलले. त्याआधी आम्हाला ट्रेनिंग दिलं. वीस वर्षं तोंडात बसलेली कलमं विसरून नवीन पाठ करायची होती. तीनशे दोन गेलं, एकशे तीन आलं. मला पाठांतर जमतं म्हणून साहेबांनी वस्त्यांमध्ये, कॉलेजांमध्ये माहिती द्यायला मलाच पाठवायला सुरुवात केली. श्रावणात उत्तनला कोळी बायकांपुढे बोलले. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तिथे शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावाच लागतो, मग तो जिथला असेल तिथे पाठवतात. 'आमच्या हद्दीत नाही' असं म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कायदा नवा हाय बाय, पन खुर्चीवरचा मानूस तोच ना?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्या भाषणाची तयारी मी घरीच करत होते, स्वयंपाक करता करता मोठ्याने. आत्या लसूण सोलत ऐकत होती. एका हाताने आणि दाताने.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळच्या पाळीला, तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर मी होते. दारातून मंजुळाकाकू आल्या आणि त्यांच्या मागून आत्या. स्वच्छ पांढरं लुगडं, गळ्यात प्लास्टरचा हात. मला वाटलं डबा विसरले म्हणून आल्या. आत्या समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली,

"लिही."

"काय लिहू, आत्या?"

"मुक्ताबाई कोंडिराम. बापाचंच नाव लाव. म्या पडले न्हाई. उदयनं ढकललंय."

मी म्हणाले, घरी चल, घरी बोलू. ती उठली नाही. "घरीच गप ऱ्हाऊन दोन म्हैनं झालं की. तूच बोलत हुतीस ना, कुठं बी घडलेलं कुठं बी लिवता येतंय म्हणून? का ती दुसऱ्यांच्या बायांसाठीच हाय?"

दादा, आजूबाजूला माणसं होती. एक गुजराती व्यापारी मोबाइल हरवल्याची तक्रार घेऊन उभा होता, तोही बघत राहिला. मी उठले. आत्याला सांगितलं, मला हे लिहिता येणार नाही, तो माझा भाऊ आहे. ती म्हणाली, "मग दुसऱ्याला बशीव." मी आत जाऊन कृतिका मॅडमना बोलावलं. त्या आमच्या सब-इन्स्पेक्टर, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, मला बाहेर थांबायला सांगितलं आणि खुर्चीत बसल्या. बाईला, त्यातून साठीच्या वरच्या, जबाबासाठी ठाण्यात यायची गरज नसते, म्हणून पुढचा जबाब त्या आमच्या घरी येऊन घेऊन गेल्या. तेव्हाही मी काकूंकडे जाऊन बसले होते. भिंत पातळ आहे. ऐकू आलंच.

बायपास तिच्या तुकड्याला लागून जाणार, तुला तिथे ढाबा टाकायचाय, हे मला माहीत होतं. आजोबांनी तिला दिलेली ती जमीन. ती म्हणत होती, मी मेल्यावर तुझंच आहे, पण जिवंतपणी मी सही करणार नाही. तू तिचा अंगठा धरून कागदावर टेकवायला गेलास, तिने हात मागे ओढला, तू ढकललंस. ती तालुक्याच्या ठाण्यात गेली तर तिथल्या जमादारांनी घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून तुलाच फोन करून बोलावलं. आणि तू तिला गाडीवर मागे बसवून परत आणलंस. वाटेत चहा पाजलास. जबाबात ती चहाचंही सांगायला विसरली नाही. "चहा पाजला त्यानं, ते बी लिवा," असं म्हणाली.

हे पत्र मी मुद्दाम उशिरा लिहितेय. कागद ऑनलाइन तिकडे गेले, तिथे गुन्ह्याला पक्का नंबर पडला, आता तपास बाहेरून बदलून आलेल्या एका बाई अधिकाऱ्यांकडे आहे. हे सगळं झाल्यावर पेन हातात घेतलं. आधी लिहिलं असतं तर बहीण म्हणून चाललं असतं, पोलीस म्हणून नाही.

तुला नोटीस येईल. अशा गुन्ह्यात हजर राहिलास तर सहसा अटक करत नाहीत. पळू नकोस, कुणा पुढाऱ्याला फोन करू नकोस. वकील कर, तो तुझा हक्क आहे. मिटवायचं असेल तर तेही कोर्टासमोर होतं, पण तिने स्वतःहून म्हटलं तर. मला साक्षीला बोलावलं तर ते वळ मी पाहिले हे सांगणार आहे. आजच सांगून ठेवते.

मी भरतीची तयारी करत होते तेव्हा पहाटे तू सायकलवरून माझ्या मागे यायचास. लोक जे बोलायचे त्याला तू उत्तर द्यायचास, म्हणून मला धावता यायचं. टेबलावरून उठताना मला तेच आठवत होतं. तरी उठले.

दसऱ्याचा बंदोबस्त आटोपला की आत्याला घेऊन गावी येतेय. तिला तिच्याच घरात राहायचंय. मी साडीत येईन.

तुझी धाकटी,
संध्या

*

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम. मी सुखरूप पोचले. दुसऱ्याच दिवशी ड्युटीवर हजर झाले.

गावात तीन रात्री राहिले आणि आपण एक शब्द बोललो नाही. वहिनी दोघांना वेगवेगळं वाढत होत्या. तू माझ्याकडे बघत नव्हतास, मी तुझ्याकडे बघत होते. तू वाळलायस.

पंचनाम्याच्या सकाळचं लिहायचं म्हणून हे पत्र. आत्याच्या अंगणात त्या बाई अधिकारी, दोन पंच, अर्धं गाव कुंपणाबाहेर. आता असलं सगळं मोबाइलवर चित्रित करावं लागतं, म्हणून एक पोरगा शिपाई फोन धरून उभा होता. बाईंनी आत्याला विचारलं, नेमकं कुठे पडलात. आत्याने ओसरीकडे हात केला, पण तिला जागा नीट दाखवता येईना. तिचे डोळे भरले होते, की दिसत नव्हतं, कोण जाणे. मी पुढे जाणार होते. मला तिथे बोलायचा अधिकार नव्हता म्हणून थांबले.

तेवढ्यात तू कुंपणाजवळून चालत आलास. वकिलाने तुझा हात धरला, तो तू सोडवलास. ओसरीच्या पायरीशी उभा राहिलास आणि म्हणालास, "इथं. इथं पडली ती. मी ढकललं."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारायला लागल्या.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात सहसा धरत नाहीत. तुझ्या वकिलाने संध्याकाळी तुला तेच समजावलं असेल, आणि का बोललास म्हणून रागावलाही असेल. पण आत्या तिथे उभी होती आणि तिने ते ऐकलं. त्या रात्री तिने भाकरी थापायला घेतल्या. वाकड्यातिकड्या झाल्या. दोन करून हात दुखला म्हणून थांबली, आणि मला म्हणाली, "आता झोप लागल."

काल तिचा फोन आला. म्हणाली, तू रोज सकाळी येतोस, हापशावरून तिच्या दोन घागरी भरून ओसरीवर ठेवतोस आणि न बोलता निघून जातोस. मी विचारलं, मग केस मागे घ्यायचीय का तुला? कुणी दबाव तर आणत नाही ना? ती म्हणाली, "केस असू दे. पाणी बी असू दे."

निकेत म्हणाला, याचा अर्थ काय? मी म्हटलं, ती बोलली तोच अर्थ.

दादा, तारीख पडेल तेव्हा तू तिथे असशील, आत्या असेल, आणि मला बोलावलं तर मीही असेन. काय व्हायचं ते होईल. मला उत्तर लिहायची घाई करू नकोस. तिचा हात पुरता बरा व्हायला थंडी संपेल असं डॉक्टर म्हणालेत. तोवर घागरी चुकवू नकोस.

आत्याच्या हातावर वाढलेली, आणि तुझ्या सायकलीपुढे धावलेली,
तुझी बहीण
संध्या