उंचावरचं दार

ग्योतोकु, चिबा, जपान

प्रिय नंदिनीस,

चार दिवस झाले, माझे पाय घरात ठरत नाहीत. सकाळी तोझाई लाइनच्या लोकलने उरायासु स्टेशनपर्यंत जातो, उतरतो आणि समोरच्या गाडीने परत येतो. कश्मिराला वाटतं, सासऱ्यांना करमत नाही. तिला कसं सांगू, की मी तुझ्या आयर्लंडातल्या केल्समध्ये हिंडतोय?

तू पाठवलेली गावाच्या इतिहासाची पुस्तिका तीनदा वाचली. बाराशे वर्षांपूर्वी आयोना बेटावरचे भिक्षू समुद्री लुटारूंच्या भयाने निघाले आणि तुझ्या गावी त्यांनी मठ बांधला. मठाचं गोल कुंपण केव्हाच गेलं, पण रस्ते अजून त्याच्याच वळणाने वळतात म्हणे. वाचताना मी शाळेत घ्यायचो तो कवितेचा तास आठवला. पहिल्या बाकावर तू. कवितेचे शब्द विसरायचीस, पण मान त्याच लयीत हलत राहायची.

तिथला मनोरा मात्र मला झोपू देत नाही. असल्या मनोऱ्यांची दारं जमिनीपासून उंच असत. शत्रू आला की आत शिरायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची, असं लोक सांगतात. तू तिथल्या मुलाशी लग्न ठरवलंस तेव्हा मी तेच केलं. आणि शत्रू कोण, तर माझीच मुलगी. तुझ्या दादाला बजावलं, तिचा विषय या घरात नको. पुष्कर बिचारा अजून पाळतो.

तुझा लिफाफा गेल्या वर्षीचा. मी तो न फोडताच जुन्या दिवाळी अंकांत सारून दिला होता. इथे रद्दी ठरल्या वारीच, सुतळीने बांधून खाली ठेवावी लागते. मंगळवारी कश्मिराने माझे अंकही बांधून नेले. कळलं तसा मी अनवाणी खाली धावलो आणि रस्त्यावर बसून गठ्ठे सोडायला लागलो. शाळेला निघालेला अद्वय दबक्या आवाजात म्हणाला, “आजोबा, दामे, दामे. असं नाही करायचं, सगळे बघतायत.” कश्मिरा म्हणाली, “बाबा, काय हवंय ते सांगा ना, मी शोधते.” मी गाठी सोडत राहिलो. तुझं नाव घ्यायची बंदी माझीच होती.

लिफाफा तिथेच फोडला. पुस्तिकेत तुझी चिठ्ठी होती. मुलगी झाली, बारसं तीन आठवडे थांबवते, नाव बाबांनीच सुचवायचं. नंदिनी, त्या तीन आठवड्यांना आता तेरा महिने झाले. किती दिवस पोस्टमनची वाट पाहिलीस, कोण जाणे. आता मी नाव सुचवणार नाही, तो हक्क मी घालवला. आज संध्याकाळी पुष्कर ऑफिसातून आला की त्याच्यापुढे तुझा विषय मीच काढणार आहे, तिकीट काढून दे म्हणणार आहे. तू “येऊ नका” लिहिणार असशील, तर तेही लिही. फक्त त्याच्या आधी तिचं नाव लिही.

तुझाच,
बाबा